बिशप दिएगो दे लांदा आणि मानी गावातली ग्रंथांची होळी



आपल्या पत्रिकेत आपण बहुतेक वेळा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्यांच्या आयुष्याची ओळख करून घेणार आहोत ते संत नव्हेत. तरीही जगभरच्या विद्यापीठांत त्यांचे नाव सतत घेतले जाते, कधी संतापाने, कधी कृतज्ञतेने, आणि पुष्कळदा एकाच दमात दोन्ही भावनांनी. हे गृहस्थ म्हणजे मेक्सिकोतील युकातान येथील फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि पुढे तेथील बिशप झालेले दिएगो दे लांदा. माया लोकांचे ग्रंथ त्यांनी जाळले. त्या आगीत न सापडलेले जे मोजके माया ग्रंथ उरले, ते आज वाचता येतात त्याचे मोठे श्रेयही लांदा यांच्याच एका हस्तलिखिताला द्यावे लागते. असे विचित्र आयुष्य आपण समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

लांदा यांचा जन्म १२ नोव्हेंबर १५२४ रोजी स्पेनमधल्या सिफुएन्तेस या गावी एका खानदानी घराण्यात झाला. सतरा वर्षांच्या आसपास असताना त्यांनी तोलेदो शहरातील मठात संत फ्रान्सिसच्या संघाची वस्त्रे स्वीकारली. १५४९ साली, म्हणजे वयाच्या पंचविशीत, ते जहाजाने युकातानला पोहोचले.

युकातान म्हणजे चुनखडीच्या दगडाचा सपाट प्रदेश. वर नद्या नाहीत. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि जिथे खडक खचला आहे तिथे विहिरीसारखे खोल डोह तयार झाले आहेत. या डोहांच्या आधाराने माया लोकांची गावे वसलेली. स्पॅनिश सैनिकांनी १५४२ साली मेरिदा हे शहर वसवले आणि आसपासची गावे आपापसांत वाटून घेतली. त्या गावांनी मालकाला कापड, मका, मध, मेण द्यायचे आणि वेठीला माणसे पाठवायची, असा तो कारभार होता. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले तेव्हा या मालकांना ते आवडले नाही. लांदा तर मुळीच आवडले नाहीत. ते पायी गावोगाव हिंडत, रानातल्या वस्त्यांपर्यंत जात, आणि गोरगरिबांना छळणाऱ्या स्पॅनिश मालकांना तोंडावर सुनावत. माया भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की दुभाष्याशिवाय प्रवचन करू लागले. पुढे त्यांनी स्पॅनिश सैनिकांनी माया स्त्रिया-मुलांवर केलेल्या अत्याचारांची हकिगतही लिहून ठेवली आहे. हे सारे आधी सांगतो आहोत, कारण पुढची कथा एखाद्या निर्दय, अडाणी माणसाची असती तर फार सोपी झाली असती.

इसामाल या गावी लांदा यांनी मोठा मठ उभारला. त्या गावात माया लोकांची जुनी देवालये होती. त्यांतल्या एका प्रचंड चौथऱ्यावर, त्याचेच दगड वापरून, १५६१ पर्यंत मठ आणि चर्च पूर्ण झाले. ग्वाटेमालाहून पवित्र मरियेची मूर्ती आणून त्यांनी तेथे बसवली. ही मूळ मूर्ती पुढे १८२९ साली आगीत जळाली, पण इसामालची मरियामाता आजही युकातानच्या भाविकांचे श्रद्धास्थान आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे याच मठात अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांना भेटले होते.

माया समाजातील जाणत्या माणसांशी लांदा यांची जवळीक होती. मानीच्या राजघराण्याशी नाते असलेला गास्पार आन्तोनियो ची हा तरुण धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेला. माया, स्पॅनिश आणि लॅटिन या तिन्ही भाषा त्याला येत. तो लांदा यांचा दुभाष्या होता. सोतुता भागातला वयोवृद्ध सरदार नाची कोकोम, बाप्तिस्म्यानंतरचे नाव हुआन, याने तर आपल्या आजोबांचा जपून ठेवलेला ग्रंथ लांदा यांना उघडून दाखवला. त्यात एका हरणाचे चित्र होते. असे मोठे हरीण या देशात येईल तेव्हा आमच्या देवांची पूजा थांबेल, असे आजोबा सांगत असत, आणि स्पॅनिश लोकांनी गायी आणल्या तेव्हा ते खरे झाले, अशी त्याची समजूत. घरातला पिढीजात ग्रंथ परक्या धर्मगुरूपुढे उघडायचा म्हणजे केवढा विश्वास हवा, याचा आपण विचार करावा.

हे ग्रंथ कसे होते तेही लांदा यांच्याच लिखाणातून कळते. वड-उंबराच्या कुळातल्या एका झाडाची साल कुटून लांब पट्टी करायची, तिला चुन्याचा पांढरा गुळगुळीत हात द्यायचा, मग ती घड्या घालून दुमडायची आणि दोन्ही बाजूंना पाट्या लावायच्या. उघडला की ग्रंथ पडद्यासारखा लांबच लांब पसरे. त्यावर रंगीत चित्रे आणि चित्रांसारखीच दिसणारी अक्षरे. वर्षांची मोजणी, सणांचे दिवस, ग्रहणे, रोग आणि औषधे, राजघराण्यांचा इतिहास, देवांची पूजा, सारे त्यांत. आपल्याकडे पंचांग, बखर आणि पोथी एकाच बासनात बांधून ठेवावी तसा प्रकार. ग्रंथ वाचणारे पुरोहित समाजात इतके मानाचे की त्यांच्या प्रेताबरोबर त्यांचे ग्रंथही पुरत.

१५६१ साली लांदा या प्रांतातील फ्रान्सिस्कन संघाचे प्रमुख निवडले गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मानी गावाजवळ काही मुलांना एका गुहेत मूर्ती आणि माणसांच्या कवट्या सापडल्या. मानीचे लोक बाप्तिस्मा घेतलेले, मिस्सेला येणारे. त्यांतलेच काही लोक रात्री जाऊन जुन्या देवांना नैवेद्य दाखवत होते, असे उघडकीस आले. चौकशी सुरू झाली. स्थानिक मठातल्या धर्मगुरूंनी लोकांना मनगटांना दोर बांधून टांगले आणि चाबकाने फोडले. वेदना सहन न होऊन लोक वाटेल ते कबूल करू लागले. लांदा मानीला आले आणि त्यांनी सगळा तपास आपल्या हाती घेतला. त्या वेळी युकातानमध्ये बिशप नव्हते, म्हणून बिशपांचे न्यायाधिकार आपल्यालाच आहेत असे त्यांनी धरले. स्पॅनिश न्यायाधिकारी दिएगो किहादा याने शिपाई दिले. मानीहून ही चौकशी इतर गावांत पसरली. कबुलीजबाबांत मुलांचे बळी दिल्याच्या भयंकर गोष्टीही येऊ लागल्या. त्यांत खरे किती आणि दोराला टांगलेल्या माणसाने सुटकेसाठी सांगितलेले किती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

१२ जुलै १५६२ रोजी मानी येथे मोठा समारंभपूर्वक दंडविधी झाला. दोषी ठरलेल्यांना चाबकाचे फटके, केस कापणे, वेठबिगारी अशा शिक्षा दिल्या गेल्या. हजारो मूर्ती फोडल्या आणि जाळल्या. त्याच आगीत ग्रंथ टाकले गेले. २७ ग्रंथ असा आकडा पुष्कळ पुस्तकांत असतो. तो नंतरच्या याद्यांतून आलेला आहे. लांदा यांनी स्वतः आकडा दिलेला नाही. पुष्कळ ग्रंथ सापडले आणि आपण ते सर्व जाळले, एवढेच ते नोंदवतात. त्यांत सैतानाच्या खोटेपणाशिवाय काही नव्हते अशी त्यांची खात्री होती. ग्रंथ जळताना लोकांना किती दुःख झाले, तेही त्यांनी आश्चर्य वाटल्यासारखे लिहून ठेवले आहे.

त्या लोकांना दुःख का झाले असेल, हे आम्हांला वाटते आपल्याला समजणे कठीण नाही. एखाद्या गावातले बाप्तिस्म्याचे रजिस्टर, जुने दस्त, गाण्यांच्या वह्या आणि आजोबांनी हाताने लिहिलेली वंशावळ, सारे एकाच दिवशी चौकात पेटवले तर आपले काय होईल? आणि तेही आपल्या भाषेत बोलणाऱ्या, आपल्या घरी येऊन बसलेल्या, आपण ज्याला पोथी दाखवली त्याच माणसाने?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. माया ग्रंथ नाहीसे झाले ते केवळ मानीच्या एका आगीत नव्हे. दमट हवा आणि बुरशी यांनी जमिनीत पुरलेले ग्रंथ खाल्ले, लढायांत शहरे गेली, इतरांनीही ग्रंथ जाळले. पण मानीच्या होळीचा दोष त्यामुळे कमी होत नाही.

काळच तसा होता, असे आपण पटकन म्हणतो. पण त्याच काळात, त्याच संघाची वस्त्रे घातलेला दुसरा माणूस लगोलग युकातानला येऊन पोहोचला. फ्रान्सिस्को दे तोराल हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू युकातानचे बिशप म्हणून ऑगस्ट १५६२ मध्ये जहाजातून उतरले. जे कानावर आले त्याने ते हादरले. मेरिदाला जाऊन त्यांनी छळ थांबवला, कैद्यांचे जबाब पुन्हा घेतले आणि त्यांना हळूहळू सोडून दिले. मूर्तिपूजा त्यांनाही मान्य नव्हती. मात्र दोराला टांगून घेतलेला कबुलीजबाब त्यांना पुरावा वाटला नाही. १५६५ साली किहादाच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली. तीत असे नोंदले गेले की ४,५०० हून अधिक माणसांचा छळ झाला आणि त्यामुळे १५८ जण मेले. काहींनी तर त्या भीतीने जीव दिला. कोकोम घराण्यालाही या तपासाची झळ लागली.

तोराल यांनी तक्रार केली आणि लांदा यांना १५६३ मध्ये स्पेनकडे निघावे लागले. राजदरबारी आणि संघात त्यांच्यावरचा खटला चालला. निकाल लागायला वर्षे गेली. अखेर १५६९ साली ते निर्दोष ठरले. आपण अधिकाराबाहेर गेलो नाही, ही त्यांची बाजू मान्य झाली. त्यांना पश्चात्ताप झाल्याचे त्यांच्या लिखाणात दिसत नाही, हे खेदाने सांगावे लागते.

पण याच स्पेनमधल्या वर्षांत, १५६६ च्या सुमारास, त्यांनी ‘युकातानमधील गोष्टींची हकिगत’ असा ग्रंथ लिहिला. आपली बाजू मांडायला हा माणूस लिहायला बसला असेल, पण लिहिता लिहिता तो त्या देशात हरवून गेल्यासारखा वाटतो. माया लोक मका कसा दळतात, मध कसा काढतात, लग्ने कशी जमवतात, मुलांची नावे कशी ठेवतात, मेलेल्यांना कसे पुरतात; चिचेन इत्सा येथील मंदिराच्या पायऱ्या कशा आहेत; रानात कोणते पक्षी, कोणती झाडे आहेत. त्यांच्या वर्षाचे महिने, वीस दिवसांची नावे आणि प्रत्येक दिवसाची खूण त्यांनी काढून दाखवली. आणि शेवटी माया लिपीची अक्षरेही काढली. जे ग्रंथ जाळले ते वाचण्याची किल्लीच म्हणा ना! आपण ज्याचा नाश केला त्याचे मोल या माणसाला कुठेतरी ठाऊक होते का? आम्हांला वाटते, होते. ग्रंथांतले पंचांग आणि ग्रंथांतली पूजा एकमेकांत गुंतलेली होती. आग लावताना त्यांना फक्त पूजा दिसली, आणि लेखणी धरल्यावर पंचांगही आठवले.

तोराल १५७१ साली वारले. १५७२ मध्ये युकातानचे बिशप म्हणून नेमणूक झाली ती लांदा यांचीच! १५७३ साली ते परतले. ज्या लोकांच्या अंगावर जुने वळ होते त्यांचेच ते मेंढपाळ झाले. २९ एप्रिल १५७९ रोजी मेरिदा येथे, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. योगायोग असा की त्याच महिन्यात, ४ एप्रिलला, आपले फादर थॉमस स्टीफन्स लिस्बनहून गोव्याच्या जहाजात बसले. स्टीफन्स यांनी लोकांची भाषा शिकून तिच्या ओवीत ख्रिस्तपुराण रचले. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते टिकले ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. ग्रंथ टिकायला पुष्कळ माणसे लागतात.

लांदा यांचे मूळ हस्तलिखितही हरवले. त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्यांनी काढलेली एक संक्षिप्त नक्कल तेवढी माद्रिदच्या इतिहास अकादमीच्या ग्रंथालयात पडून होती. तिला बरीच वर्षे कुणी हात लावला नसावा. ब्रासेर द बूरबूर नावाच्या फ्रेंच धर्मगुरूंना ती सापडली आणि १८६४ साली त्यांनी ती छापली. विद्वानांना वाटले, आता माया लिपी सहज वाचता येणार. पण लांदा यांची अक्षरे लावून पाहिली तर काही अर्थच लागेना. मग पुष्कळांनी ठरवले की बिशपांना काही कळलेच नव्हते.

घोटाळा काय होता तो मराठी माणसाला चटकन कळेल. लांदा यांच्या मनात रोमन मुळाक्षरे होती. त्यांनी लिहिणाऱ्या माया माणसाला स्पॅनिश अक्षरांची नावे एकेक करून विचारली. स्पॅनिशमध्ये ‘ब’ या अक्षराचे नाव ‘बे’. त्या माणसाने ‘बे’ ऐकले आणि ‘बे’ या ध्वनीची खूण काढली: रस्त्यावर उमटलेले पाऊल, कारण माया भाषेत ‘बे’ म्हणजे रस्ता. त्याची लिपी आपल्या बाराखडीसारखी होती, ‘ब’ वेगळा आणि ‘बे’ वेगळा. लांदा यांनी ‘ले’ म्हणजे फासा हा शब्द लिहायला सांगितला तेव्हाही असेच झाले. त्यांनी अक्षरांची नावे उच्चारली, ‘एले, ए’, मग पूर्ण शब्द ‘ले’. त्या माणसाने निमूटपणे सगळे लिहून दिले: ए-ले-ए-ले. शेवटी एक वाक्य लिही म्हटल्यावर त्याने जे लिहिले त्याचा अर्थ, आपली इच्छा नाही, असा होतो. बिशपांनी तेही तसेच उतरवून ठेवले.

१९५२ साली यूरी क्नोरोझोव या तरुण रशियन अभ्यासकाने लेनिनग्राडमध्ये बसून हे कोडे सोडवले. माया प्रदेश त्याने तोवर पाहिलाही नव्हता. लांदा चुकले नव्हते, त्यांचा प्रश्न चुकला होता, हे त्याने ओळखले. त्याने एका जुन्या ग्रंथात टर्की पक्ष्याच्या चित्राजवळची अक्षरे पाहिली. पहिली खूण लांदा यांनी ‘कु’ म्हणून दिलेली. माया भाषेत टर्कीला ‘कुत्स’ म्हणतात, तेव्हा दुसरी खूण ‘त्सु’ असली पाहिजे. मग दुसऱ्या ग्रंथात कुत्र्याच्या चित्राजवळ हीच ‘त्सु’ची खूण पहिली आली आणि तिच्यापुढे लांदा यांच्या यादीतली ‘लु’. माया भाषेत कुत्र्याला ‘त्सुल’ म्हणतात! शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही. आपण ‘राम’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, तसेच. इंग्लंडचे ख्यातनाम माया अभ्यासक एरिक थॉम्पसन यांनी क्नोरोझोवला कडाडून विरोध केला. १९७५ मध्ये थॉम्पसन वारल्यानंतर ही पद्धत हळूहळू सर्वमान्य झाली, आणि दगडांवर कोरलेले राजांचे जन्म, लढाया, राज्याभिषेक वाचता येऊ लागले.

लांदा यांच्यासारखे सारेच धर्मगुरू नव्हते, हेही नोंदवून ठेवू. शेजारच्या ग्वाटेमालात डॉमिनिकन संघाचे फादर फ्रान्सिस्को हिमेनेस यांना अठराव्या शतकाच्या आरंभी किचे माया लोकांचा ‘पोपोल वुह’ हा पुराणग्रंथ पाहायला मिळाला. त्यांनी तो किचे भाषेत अक्षरशः उतरवून घेतला आणि शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. मूळ प्रत नाहीशी झाली, त्यांची नक्कल राहिली. ती आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. त्यात मानीचे नाव नव्हते, पण मानी त्यात येते असेच आम्ही समजतो.

माया ग्रंथ आज चारच उरले आहेत. एक ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाने १७३९ मध्ये व्हिएन्नाहून मिळवला. त्यात शुक्राच्या ५८४ दिवसांच्या फेऱ्यांचे आणि ग्रहणांचे कोष्टक आहे. १९४५ च्या बाँबहल्ल्यात तळघरात पाणी शिरून तो भिजला, पण वाचला. पॅरिसचा ग्रंथ लेओं द रोनी यांना १८५९ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात, धूळ खात पडलेल्या टोपलीत मिळाला. तिसरा माद्रिदला आहे. चौथा मेक्सिको शहरात आहे. तो खोटा असल्याचा संशय अनेक वर्षे होता, २०१८ साली तो अस्सल ठरला. मेक्सिकोत २०२० च्या जनगणनेनुसार युकातानची माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास लोक आहेत. त्यांच्यातले काही तरुण शिक्षक आता आपल्या पूर्वजांची अक्षरे पुन्हा गिरवायला शिकत आहेत, आणि गावातल्या मुलांना त्या अक्षरांत त्यांची नावे लिहून दाखवत आहेत.